टोपी-मफलरचा सेट: एक-एकची रिब की दोन-दोनची?

एकाच लोकरीचा, एकाच विणीचा सेट करायचा म्हटलं की आधी वीण ठरवावी लागते. एक सुलट एक उलट, की दोन सुलट दोन उलट? अशा उभ्या रेषांच्या विणीला रिब म्हणतात. दोन्हींच्या कडा गुंडाळत नाहीत, दोन्ही उलटसुलट सारख्याच दिसतात, त्यामुळे मफलरला दोन्ही चालतात. निवड ठरते ती टोपीवर, आणि मोठ्या माणसाच्या टोपीसाठी मी दोन-दोनच सुचवेन.

टोपी डोक्याला धरून बसायला हवी. दोन-दोनची रिब जास्त आत ओढली जाते, ताणली की मोकळी होते आणि सोडली की पुन्हा जागेवर येते. एक-एकमध्ये दर टाक्याला धागा पुढे-मागे करावा लागतो. हात जरा सैल असला की सुलट टाक्यांच्या रेषा डुगडुगतात आणि एकरंगी लोकरीत ते लगेच नजरेत भरतं. शिवाय हात हळू चालतो. टोपीत ते निभतं, दीड मीटरच्या मफलरमध्ये कंटाळा येतो.

खरा फरक कळतो टोपीचा माथा मिटवताना. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि १०४ टाके धरा. दोन-दोनमध्ये आधी उलट टाक्यांच्या जोड्या एकत्र विणायच्या, ७८ उरतात. दोन-तीन फेऱ्या तशाच विणून मग सुलट जोड्या एकत्र, ५२. पुढे दोन-दोन टाके एकत्र करत २६, मग १३, आणि त्यांतून धागा ओवून ओढून घ्यायचा. रेषा वरपर्यंत सरळ जातात, माथ्यावर सुंदर चांदणी उमटते. एक-एकमध्ये रेषा न मोडता कमी करायचं तर तीन टाके एकत्र घेऊन मधला वर ठेवावा लागतो. नवख्या हाताला ते जड जातं.

एक-एक शोभते ती बारीक लोकरीत, बाळाच्या टोपीला. तिथे दोन-दोनच्या पट्ट्या फार ठळक वाटतात. रंगीबेरंगी लोकरीतही एक-एक घ्या, कारण टाक्यांतला कमीजास्तपणा रंगांत लपतो.

दोन-दोनची एक अडचण आहे: मफलर आत ओढला जाऊन अरुंद दिसतो. त्यासाठी टोपी ९ नंबरच्या सुयांवर आणि मफलर ७ नंबरच्या सुयांवर विणा. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी नंबरात उलटं. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ५ मिलिमीटरची. परदेशी नमुना बघून विणत असाल तर मिलिमीटरच पाहा. गोल विणायच्या टोपीला टाके चारच्या पटीत घाला. मफलरला चारच्या पटीत दोन जास्त, म्हणजे ५० वगैरे. मग सुलट बाजूला दोन्ही काठांना सुलट जोडी येते आणि मफलरचे दोन्ही काठ सारखे दिसतात.

लोकरीचं म्हणाल तर पुण्या-नाशिकच्या थंडीला ॲक्रिलिक पुरतं, धुवायलाही सोपं. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, रिबचा ताण कायमचा जातो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यासाठी किंवा परदेशात बर्फात राहणाऱ्यासाठी खरी मेंढीची लोकर घ्या. ती दमट झाली तरी ऊब देते, आणि मफलर ओला करून हव्या रुंदीला पसरून वाळवला तर बऱ्यापैकी तसाच राहतो. ॲक्रिलिक असं ऐकत नाही.

टोपीला साधारण १०० ग्रॅम, मफलरला २०० ग्रॅम लोकर धरा आणि सगळी एकदम घ्या. पट्टीवरचा डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर जुळतोय ना, हे दुकानातच पाहा. दोन लॉटमधला फरक दिव्याखाली कळत नाही, उन्हात टोपी आणि मफलर शेजारी आले की कळतो. टोपी आधी विणा. लोकर कमी पडलीच तर मफलर वीतभर आखूड करता येतो.