सवडीने यिडिश: ड्युओलिंगो की वाइनराइख?

नोकरी सांभाळून यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, शिकायची तर ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं ॲप आधी हाताशी येतं. फुकट आहे, आणि रोजचा धडा चहा निवायच्या आत उरकतो. पण व्याकरण फारसं कुणी समजावत नाही. नामाआधीचं उपपद ‘डेर’चं ‘डेम’ का झालं, याचा अंदाज आपणच बांधायचा. युरिएल वाइनराइखचं ‘कॉलेज यिडिश’ (१९४९) हे पाठ्यपुस्तक ते विभक्तीप्रकरण नीट उलगडून दाखवतं. स्पष्टीकरण इंग्रजीत, थोडं जुन्या वळणाचं, आणि गृहपाठ तपासायला कुणी नाही.

खरा फरक कानाला जाणवतो. ‘चांगला’ हा शब्द लिहायचा एकच, पण ॲपमध्ये हसिदी (कर्मठ ज्यूंचा एक पंथ) वळणाने ‘गिट’ ऐकू येतो, पुस्तकाच्या प्रमाण उच्चारात ‘गुट’. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या हसिदी वस्तीत बोलायचं असेल तर ॲप बरं. जुन्या कथा-कविता वाचायच्या तर मी पुस्तकच घेईन.

लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. ती दोन्हीकडे लागतेच. शिवाय हिब्रूतून आलेले शब्द मूळ स्पेलिंगनेच लिहितात, बहुतेक स्वर गाळून: ‘शाबेस’साठी (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) फक्त तीन अक्षरं. ते पाठच करावे लागतात.