निमो वाचायचाय, पण आधी कोणता?

कॅप्टन निमोला भेटायचं तर फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नची दोन पुस्तकं समोर येतात. एक ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’, दुसरं ‘द मिस्टीरियस आयलंड’. पुढे मी त्यांना सरळ समुद्राचं पुस्तक आणि बेटाचं पुस्तक म्हणतो. माणूस एकच आहे म्हणतात, पण वाचताना ते दोन वेगळे निमो वाटतात. समुद्रातल्या निमोचा गाव, जात, भाषा, देश कुणालाच ठाऊक नाही. बेटावरचा निमो मरायच्या आधी सगळं सांगून टाकतो: मी बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावनच्या उठावातला. हे गुपित आता इतक्या ठिकाणी छापून आलंय की इथे लिहिल्याने कुणाच्या वाचनाची गोडी जाईल असं वाटत नाही.

दोन्ही वाचायची सवड असेल तर प्रश्नच मिटला. आधी समुद्र, मग बेट. अडचण आहे ती ज्यांच्याकडून एकच वाचून होणार आहे त्यांची, किंवा घरातल्या आठवी-नववीतल्या पोरीच्या हाती कोणतं द्यावं या विचारात असलेल्यांची. नागपुरात ही वेळ बहुतेक मे महिन्यात येते. दुपारी कूलरसमोरून उठवत नाही आणि जाड पुस्तकाला हात घालायचा धीर वर्षातून तेव्हाच होतो. मी या दोन्हींमधून गेलोय आणि एका बाजूला झुकलोय. कुठे आणि का, ते सांगतो.

समुद्राच्या पुस्तकाचं मोठेपण आधी मान्य करू. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मोती काढायला बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी माणसावर शार्क धावून येतो आणि निमो खंजीर घेऊन मध्ये पडतो. माणूस वाचल्यावर निमो त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. मग त्याच्या पाणबुडीवर अडकलेल्या, ही गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापक ॲरोनॅक्सला सांगतो की हा माणूस दडपलेल्यांच्या देशाचा आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन. हा प्रसंग वाचून ज्याच्या अंगावर काटा येणार नाही त्याने व्हर्न वाचूच नये, असं मी म्हणेन. दक्षिण ध्रुवावर काळा झेंडा रोवणं, बर्फाखाली अडकून हवेसाठी तडफडणं, हेही आहेच. मधे माशांच्या आणि शिंपल्यांच्या लांबच लांब याद्या येतात. मला त्या आवडतात, कारण समुद्रापासून इतक्या लांब वाढलेल्या माणसाला ती नावंसुद्धा नवलाची वाटतात. माझी भाची मात्र त्या याद्यांतच थांबली, पुढे गेली नाही.

मी अडलो तो याद्यांमुळे नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे एक युद्धनौका निमोच्या पाणबुडीवर, नॉटिलसवर, तोफा डागत येते. ॲरोनॅक्स त्याच्याबरोबरच अडकलेल्या नेड लँडला विचारतो, कुठल्या देशाची? नेड हा मुरलेला दर्यावर्दी, पण त्यालाही सांगता येत नाही, कारण जहाजावर झेंडाच चढवलेला नाही. निमोला झेंड्याची गरज पडत नाही, तो शत्रूला ओळखून आहे. माझा देश, माझी बायको, मुलं, आई, बाप, सगळं यांच्यामुळे गेलं, असं तो ओरडतो आणि नॉटिलसचं टोक त्या जहाजाच्या आरपार घालतो. आपण ॲरोनॅक्सबरोबर खिडकीच्या काचेतून अख्खं जहाज माणसांसकट बुडताना पाहतो. त्यानंतर निमो आपल्या खोलीत एका बाईच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो.

ती माणसं कोण होती, त्यांनी काय केलं होतं, हे पुस्तक मिटेपर्यंत आपल्याला कळत नाही. मला हेच सहन होत नाही. गूढ असण्याला माझी हरकत नाही. पण एवढी माणसं डोळ्यांदेखत मारायची, मारणारा न्यायाचा दावा करणार, आणि खटल्याची कागदपत्रं मात्र वाचकाला दाखवायची नाहीत? मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी त्या झेंडा नसलेल्या काठीपाशीच अडकलो. निमो सूड घेतोय की नुसता खून करतोय, हे ठरवायला हातात काही नाही. ॲरोनॅक्सला ते ठरवता येत नाही म्हणून तो पळून जातो. वाचकाला पळायला जागा नसते.

ही जागा मुळात रिकामी नव्हती, हे नंतर कळल्यावर मला जास्तच टोचलं. व्हर्नच्या मनातला निमो पोलिश सरदार होता. १८६३ साली रशियाविरुद्ध झालेल्या उठावात ज्याचं घरदार संपलं, असा. प्रकाशक एट्झेलला ते नको होतं, कारण रशियात त्याची पुस्तकं खपत होती. निमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू कर, असं त्याने सुचवून पाहिलं. व्हर्नने ते ऐकलं नाही. शेवटी शत्रूचं नावच घालायचं नाही, यावर निभावलं. निमोच्या खोलीतल्या भिंतीवर त्या पहिल्या बेताची खूण राहून गेलीय. तिथे वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन, आयर्लंडचा ओकॉनेल आहेत आणि पोलंडचा कोश्चुश्कोही आहे. आपल्याकडचं कुणी नाही. बंगालच्या उपसागरात गंगेतून वाहत आलेली प्रेतं नॉटिलसजवळून तरंगत जातात, त्यावर निमो काय म्हणाला हेही पुस्तकात नाही. म्हणजे १८६९-७० मध्ये छापून झालेल्या या पुस्तकातला निमो अजून हिंदी झालेलाच नव्हता. तो कुणाचाच नव्हता.

काहींना तो तसाच हवा असतो. देश नसलेला निमो प्रत्येक हरलेल्या देशाचा होतो, असं माझा एक मित्र म्हणतो. मोती काढणाऱ्याचा प्रसंग त्याच्या बाजूने आहे. तुम्हीही या मताचे असाल तर समुद्राचं पुस्तक घ्या आणि पुढचं वाचू नका, तुमचं काही चुकणार नाही.

आता बेट. हे १८७४-७५ चं पुस्तक. अमेरिकेतल्या यादवी युद्धात रिचमंडमध्ये अडकलेली पाच माणसं १८६५ च्या मार्चमध्ये बलूनमधून पळतात आणि पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर आपटतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला एक सांगून ठेवतो: निमो शेवटच्या भागापर्यंत दिसतच नाही. तोवर विटा भाजणं, लोखंड काढणं, नायट्रोग्लिसरीन बनवणं चालू असतं. ज्याला हाताने काही करून बघायची आवड आहे त्याला हे पुस्तक सोडवणार नाही. पोरगा हर्बर्टच्या जाकिटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. एका दाण्याला दहा ओंब्या, ओंबीला ऐंशी दाणे, म्हणून पहिल्या पिकाला ८००, दुसऱ्याला ६,४०,०००, असा हिशोब इंजिनिअर सायरस स्मिथ तिथल्या तिथे करून दाखवतो. भाचीने ते पान आजोबांना वाचून दाखवलं. त्यांची सगळी हयात कळमेश्वरकडच्या शेतीत गेलेली. एवढ्या ओंब्या येतील का, यावर दोघांचा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. समुद्राच्या पुस्तकावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

पण मला बेट जिंकतं ते गुपित ठेवण्याच्या पद्धतीमुळे. डुकराच्या पिल्लाच्या मांसात बंदुकीचा छर्रा सापडतो, बेटावर तर बंदूकच नाही. किनाऱ्याला अवजारांनी भरलेली पेटी लागते. चाचांचं जहाज पाण्याखालच्या स्फोटाने फुटतं. हर्बर्टला ताप चढतो, तिसरी पाळी आली तर पोरगा हाती लागणार नाही अशी अवस्था होते, आणि सकाळी टेबलावर क्विनीनची डबी दिसते. हिवतापाने माणसं गेलेली ज्यांनी पाहिलीत, त्या आपल्या विदर्भातल्या वाचकाला त्या डबीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. इथला निमो त्याच्या कामांतून आधी भेटतो, नाव मागून येतं. समुद्रात गूढ म्हणजे उत्तर न देणं. बेटावर उत्तर आहे आणि ते आपल्याला शोधायचं असतं. शोधत शोधत जाऊन ते सापडतं आपल्याच शेजारच्या मुलखात.

नागपूरच्या माणसाला हे जरा जास्त लागतं, निदान मला लागलं. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारस नसताना गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. त्याच साली झाशीही गेली. १८५७ च्या जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या घोडदळातला उठावाचा बेत आधीच फुटला आणि इथली गोष्ट सुरू होण्यापूर्वीच संपली. डक्कारचं बुंदेलखंड आपल्या उत्तरेला, जबलपूरच्या पलीकडे. दिल्लीच्या गाडीने जाताना झाशी लागतेच. हे सगळं डोक्यात असताना नॉटिलसच्या दिवाणखान्यात म्हातारा निमो आपली हकिकत सांगायला लागतो. दहाव्या वर्षी युरोपात शिकायला धाडलेला, तिशीत १८४९ ला परत आलेला, मग सत्तावनच्या लढायांत जखमी झालेला, ज्याच्या डोक्यावर इंग्रजांनी इनाम लावलं आणि ज्याचे बायको, मुलं, आईबाप मारले गेले, असा माणूस. तेव्हा माझ्यापुरता त्या काठीवर झेंडा चढला.

उणिवा आहेत आणि त्या मोठ्या आहेत. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही, ते जाणवतं. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा टिपू सुलतानाचा भाचा कसा, याचं उत्तर नाही. तारखांचा तर मेळच बसत नाही. समुद्राची सफर १८६७ च्या नोव्हेंबरापासून १८६८ च्या जूनपर्यंतची आणि १८६८ च्याच ऑक्टोबरात मरणारा निमो म्हणतो, ॲरोनॅक्स माझ्या जहाजावर होता त्याला सोळा वर्षं झाली. तसं धरलं तर तो सत्तावनच्या आधीच पाण्याखाली होता. खुद्द प्रकाशकाला तळटीप घालून हे मान्य करावं लागलं. बेटावरच्या पाचांतल्या नेब या काळ्या माणसाला व्हर्न ज्या सुरात रंगवतो, तो आज वाचवत नाही.

सगळ्यात जड जातं ते सायरस स्मिथचं उत्तर. माझं बरोबर होतं की चूक, असं निमो विचारतो. गुलामगिरीविरुद्धच्या लढाईतून आलेला हा भला इंजिनिअर त्याला सांगतो की गेलेला काळ परत आणता येईल असं मानलंत, आवश्यक प्रगतीशी झुंजलात, ही तुमची चूक. हे वाचून मला अजून राग येतो. पण राग यायला समोर काहीतरी मांडलेलं आहे, कुणीतरी बाजू घेतली आहे आणि मला तिच्या विरोधात उभं राहता येतं. त्या बिनझेंड्याच्या जहाजापुढे तेवढीही सोय नव्हती.

तेव्हा एकच वाचणार असाल तर माझा कौल, थोडा बिचकतच, बेटाला. सुरुवातीची शंभरेक पानं दमाने घ्या. लहान मुलांसाठी मराठीतून हवं असेल तर भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणलाय, तिथून सुरुवात केली तरी चालेल. इंग्रजीतून वाचणार असाल तर मात्र प्रत पारखून घ्या, कारण इथे फसवणूक होते. समुद्राच्या पुस्तकाचं मर्सियरचं जुनं भाषांतर पाचव्या हिश्श्याहून जास्त मजकूर गाळतं आणि नॉटिलसचं पोलाद पाण्याहून हलकं करून टाकतं. बेटाच्या पुस्तकात झालंय ते याहून वाईट. किंग्स्टनच्या नावाने छापलेलं १८७५ चं भाषांतर नेटवर फुकट मिळतं, नागपुरात बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांतही बहुतेक तेच हाती लागतं, आणि त्यात सत्तावनची बाजूच फिरवलेली आहे.

दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. तिसऱ्या भागातलं सोळावं प्रकरण उघडा. व्हर्नने फ्रेंचमध्ये लिहिलंय की शिपायांचा मोठा उठाव झाला आणि राजपुत्र डक्कार हा त्याचा आत्मा होता. त्या जागी, महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी लोकांना इंग्रजांविरुद्ध भरीला घातलं, अशा अर्थाचं काही दिसलं तर ती प्रत परत ठेवा. जॉर्डन स्टंप किंवा सिडनी क्रॅविट्झ यांचं भाषांतर मागवा. दोन्ही २००१ ची आहेत आणि दोन्हींत डक्कार त्याच्या स्वतःच्या बाजूने बोलतो.