प्रवाळासाठी पैसे द्यायचे, तर कोणाला?

प्रवाळ वाचवायला मदत करावी म्हणून शोधायला बसलं, की सगळ्यात आधी 'प्रवाळ दत्तक घ्या' हेच समोर येतं. पैसे भरायचे, तुकड्याला नाव द्यायचं, फोटो आणि प्रमाणपत्र ईमेलने येतं. माझ्या मावसबहिणीला लेकाच्या वाढदिवसाला असंच काही द्यायचं होतं. तिने फोनवर विचारलं, "ताई, यातलं खरं काम कोण करतं गं?" तिला तासभर जे सांगितलं ते जरा नीट मांडते. मी शास्त्रज्ञ नाही. पण या संस्थांचे अहवाल बरीच वर्षं वाचते आहे, आणि दरवर्षी थोडे पैसे देताना कोणाला द्यायचे हा प्रश्न मलाही पडतोच.

कुठल्याही संस्थेला मी आधी एकच विचारते: तुमच्याकडचं प्रवाळ कशाने मेलं, आणि ते कारण आता दूर झालं आहे का? प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं आणि रंगही देतं. पाणी फार तापलं की तो हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर काही आठवड्यांत त्यावर शेवाळ चढतं. उष्णतेखेरीज सांडपाणी, वाहून येणारी माती, सुरुंगाची मासेमारी, बोटींचे नांगर अशीही कारणं असतात. दुखणं वेगळं असेल तर औषधही वेगळंच लागणार.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाची कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन ही प्रवाळाची लागवड करणाऱ्यांतली मोठी संस्था. 'की लार्गो' नावाच्या बेटावर केन नेडिमायर यांनी २००७ मध्ये सुरू केली. समुद्रतळाला बांधून पाण्यात तरंगत ठेवलेली पाइपांची झाडं, त्यांच्या फांद्यांना मासेमारीच्या दोऱ्याने लटकवलेले स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न प्रवाळाचे बोटभर तुकडे. ते वाढले की खडकावर नेऊन चिकटवायचे. काम नेटकं आणि मेहनतीचं आहे, पाहायलाही सुंदर. पण २०२३ च्या जुलैत तिथलं पाणी असं तापलं की किनाऱ्यालगतच्या उथळ मॅनटी बेमध्ये ३८.४ अंशांची नोंद झाली. म्हणजे आपलं आंघोळीचं कढत पाणी. त्याच महिन्यात संस्थेचे पाणबुडे सोम्ब्रेरो रीफ या प्रवाळाच्या खडकावर उतरले, तेव्हा अनेक वर्षं लागवड केलेल्या त्या जागी एकही प्रवाळ जिवंत सापडलं नाही. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं की त्या उन्हाळ्यानंतर फ्लोरिडाच्या समुद्रात या दोन जाती जवळपास संपल्यातच जमा आहेत.

हे वाचून मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. तरी दोन गोष्टी या संस्थेच्या बाजूने सांगायला हव्यात. ही बातमी त्यांनी स्वतःच जगाला सांगितली. आणि त्या उन्हाळ्यात धावाधाव करून प्रवाळाचे निरनिराळे वाण जमिनीवरच्या टाक्यांत हलवले, म्हणून ते आज शिल्लक तरी आहेत. बियाणं जपण्यासाठी पैसे द्यायचे असतील तर इथे जरूर द्या. 'माझ्या पैशांनी समुद्रात प्रवाळ उभं राहील' या भरवशावर मात्र आज मी तिथे देणार नाही.

आता हीच लागवड इंडोनेशियात पाहा. सुलावेसीजवळच्या स्पर्मोंड बेटांभोवती वर्षानुवर्षं सुरुंग लावून मासेमारी झाली. खडकांचा चुरा झाला. तो लाटांनी सतत हलत राहतो, त्यामुळे प्रवाळाच्या पिल्लांना बूड टेकायलाच जागा मिळत नाही. तिथे मार्स या चॉकलेटच्या कंपनीने स्थानिक बेटकऱ्यांना सोबत घेऊन वाळूचा थर दिलेल्या लोखंडी षट्कोनी चौकटी पसरवल्या, एकमेकींना बांधल्या आणि प्रत्येकीवर साधारण पंधरा तुकडे बांधले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत तिथली वाढ शेजारच्या निरोगी खडकांच्या बरोबरीला आली. म्हणजे लागवड करणं चूक नाही. फ्लोरिडात पाणीच तापत होतं. इथे जागा मोडली होती, ती बांधून दिली. एक उणीव त्या अभ्यासकांनीच नोंदवली आहे: लागवडीत फांद्यांच्या जातीच जास्त आल्या, दगडासारख्या गोल जाती कमी. आणि फांद्यांच्या जाती उष्णतेला लवकर बळी पडतात. हे काम कंपनीच्या पैशांवर चालतं, त्याला आपल्या देणगीची निकड नाही. दुसऱ्या कुठल्याही लागवडीची पारख करायला मात्र हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

माझा कल आहे तो कोरल रीफ अलायन्सकडे. १९९४ पासून चालणारी ही कॅलिफोर्नियातली संस्था लागवडीपेक्षा पाणी स्वच्छ करण्याला महत्त्व देते. होंडुरासच्या रोआतान बेटावर वेस्ट एंड नावाचं गाव आहे, सगळं पर्यटनावर चालणारं. तिथे सांडपाण्याचा प्रकल्प होता, पण घरं आणि हॉटेलं त्याला जोडलेलीच नव्हती. मैला झिरपत झिरपत थेट प्रवाळावर. संस्थेने गावाच्याच पाणी समितीला हाताशी धरलं, घरं जोडून घ्यायला मदत केली, पाण्याचे नमुने तपासत राहिली. किनाऱ्याचं पाणी पोहण्यालायक झालं. हवाईतल्या माउई बेटावर हीच संस्था जुन्या मळ्यांच्या मोडलेल्या रस्त्यांवरून समुद्रात जाणारी माती अडवायला झाडं आणि वाळ्याचं गवत लावते. आपल्या घरातला वाळा तिथे प्रवाळाच्या कामी येतो, याचं मला फार अप्रूप आहे!

गटाराच्या जोडणीचा फोटो वाढदिवसाच्या पाकिटात घालता येत नाही, हे कबूल. पण पाणी स्वच्छ असेल तर प्रवाळ स्वतःच वाढतं, आणि तापून पांढरं पडलं तरी सावरायची शक्यता वाढते. थोड्या पैशांत टिकाऊ काम व्हावं असं वाटत असेल तर मी हेच नाव आधी सांगेन.

पैशांपेक्षा वेळ देता येत असेल आणि तुम्ही प्रशिक्षित डायव्हर असाल, तर रीफ चेक पाहा. १९९६ मध्ये सुरू झालेली ही संस्था हौशी डायव्हरांकडून मोजणी करून घेते. शंभर मीटरची टेप अंथरायची, तिच्यावर मध्ये थोडी जागा सोडत वीस-वीस मीटरचे चार भाग, आणि दर अर्ध्या मीटरला टेपच्या खाली काय आहे ते पाटीवर लिहायचं: प्रवाळ, खडक, वाळू, शेवाळ. शिवाय ठरावीक मासे आणि समुद्री साळिंदरं (सी अर्चिन) मोजायची. पद्धत साधी आणि जगभर एकच, म्हणून एका देशाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येतात.

मोजणीचं मोल किती असतं हे लक्षद्वीपकडे पाहिलं की कळतं. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ च्या उष्णतेच्या लाटेपासून तिथे पाण्यात उतरत आले आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या लाटा त्यांनी नोंदवल्या. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या २४ वर्षांच्या नोंदींतून दिसलं की जिवंत प्रवाळाचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत घसरलं. आणखी एक गोष्ट त्यातून हाती आली: सलग सहाएक वर्षं उसंत मिळाली तरच प्रवाळ जोमाने परत येतं. हे कुणी एका मोसमात जाऊन सांगू शकत नाही. अशा कामाला अनुदान मिळणं अवघड, कारण उद्घाटन करण्यासारखं काही नसतं. भारतातल्या संस्थेला द्यायचं तर माझी पसंती इथे आहे.

तरीही लेकराच्या हातात काहीतरी ठेवायचंच असेल, तर मुंबईची रीफवॉच ही संस्था अंदमानात तुटून पडलेले तुकडे उचलून पुन्हा रुजवते. तुटून पडलेले, हे महत्त्वाचं. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, परवानगीशिवाय फांदी मोडता येत नाही. पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटाची कोरल गार्डनर्सही दत्तक योजना चालवते, मुलांना त्यांचं काम आवडतं. ग्रेट बॅरियर रीफ फाउंडेशनला ऑस्ट्रेलिया सरकारने २०१८ मध्ये एकरकमी ४४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून जास्त दिले, आपल्या चार पैशांनी तिथे फारसा फरक पडणार नाही.

व्यवहाराचंही सांगते. देणगीवरची करसवलत (जिला ८०जी म्हणतात) फक्त भारतातल्या नोंदणीकृत संस्थेला दिल्यावर, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते. परदेशात राहणाऱ्यांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्ट परदेशी असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, तर ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते. अमेरिकेतल्या भाच्याने पैसे पाठवण्याआधी संस्थेला एवढं विचारून घ्यावं. लागवड करणाऱ्यांना मी आणखी एक विचारते: तीन वर्षांपूर्वी लावलेल्यातलं आज किती जिवंत आहे? आकडा कमी आला तरी चालेल. उत्तरात नुसता 'किती लावले' हाच आकडा आला, तर मी दुसरीकडे वळते.

मावसबहिणीने शेवटी दोन वाटे केले. मोठा लक्षद्वीपच्या मोजणीला, लहान अंदमानच्या एका तुकड्याला. आणि मे महिन्यात लेकाला घेऊन ती मालवणला येते आहे. तिला एवढंच सांगून ठेवलंय की सिंधुदुर्गाजवळ स्नॉर्कलिंगला गेलीस तर नांगर वाळूवर टाकायला सांग, पाव टाकून मासे बोलवू देऊ नकोस, आणि दमलीस तरी खाली पाय टेकू नकोस. मागच्या खेपेला माझ्यासमोर एक जण श्वास घ्यायला गोल दगडावर उभा राहिला. तो दगड नव्हता. ते प्रवाळ वर्षाला फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतं, आणि त्या माणसाच्या टाचेखाली त्याचा ओंजळभर कपचा निघाला होता.