पहिला मोठा अ‍ॅनिमेशनपट: हिमगौरी, टोटोरो की नीमो?

पाच-सात मिनिटांच्या कार्टूनांवर वाढलेलं चार-पाच वर्षांचं मूल दीड तासाच्या गोष्टीला घाबरलं, तर त्यामागे बहुधा राक्षस नसतो, आई किंवा बाबा दुरावलेले असतात. म्हणून ‘परीकथा’ की ‘साहसकथा’ हे बघून निवडू नका. आई-बाबा कुठे आणि किती वेळ नाहीसे होतात, ते बघा.

डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ (1937, 83 मिनिटं) जुना, म्हणजे सौम्य, असं समजून लावला जातो. तिघांत जास्त भीतिदायक तोच. हिमगौरी रानात पळते तेव्हा झाडांना डोळे फुटतात, फांद्यांचे हात होतात. पुढे राणीची चेटकीण होते तो प्रसंग तर मोठ्यांनाही दचकवतो. जमेची बाजू एकच, पण भक्कम: हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट आधी तोंडी सांगता येते. शेवटी ती उठते हे माहीत असलेलं मूल बरंच सोसतं. दोन दिवसांत बघणार असाल तर बुटक्यांची अंग धुण्याची धमाल संपली की थांबा. लगेच पुढे राणीचं रूप पालटतं.

‘माय नेबर टोटोरो’ (1988, 86 मिनिटं) या जपानी चित्रपटात खलनायकच नाही. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, आई दवाखान्यात आहे. संवाद कमी, चित्रं बोलकी. शेजारी बसून मराठीत सांगत गेलं तरी काही निसटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला सबटायटल वाचता येत नाहीत, तेव्हा हा फायदा मोठा आहे. अडचण वेगाची. टोटोरो, म्हणजे रानात राहणारा मोठा केसाळ प्राणी, दिसायलाच जवळपास अर्धा तास लागतो, तोवर घर झाडणं आणि काजळीचे जिवंत गोळे, एवढंच. चुळबुळ सुरू झाली तर बंद करू नका, ‘हे गोळे राहतात कुठे?’ असं विचारा. रोप रात्रीत आभाळाएवढं वाढतं, त्या दुसऱ्या सकाळी थांबणं उत्तम, कारण नंतर दवाखान्यातून तार येते आणि धाकटी मेई हरवते. तळ्यात सापडलेली चप्पल मेईची नाही, हे आधीच सांगून टाका. इथे उत्कंठा गेली तरी चालेल. घरातलं कुणी सध्या दवाखान्यात असेल, तर मात्र हा चित्रपट पुढे ढकला.

‘फाइंडिंग नीमो’ (2003, 100 मिनिटं) मध्ये पहिल्या काही मिनिटांतच बॅराकुडा मासा हल्ला करतो. आई जाते आणि अंड्यांपैकी एकच उरतं, तोच छोटा मासा नीमो. हा भाग सोडून थेट नीमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून लावा. पण मग बाबा इतके धास्तावलेले का, ते एका वाक्यात सांगायला हवं. मासे न खाण्याची शपथ घेतलेला शार्क रक्ताच्या वासाने पिसाळतो, तेव्हा आवाज कमी करा. भीती निम्मी आवाजातच असते. यातली गंमत बोलण्यात आहे, विसरभोळ्या डोरी मासळीची तर सगळीच. भाषा समजत नसेल तर उरतो तो नुसता पाठलाग.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी टोटोरो, तोही दिवसा, दिवे लावून. सहाच्या पुढे, भाषा कळत असेल तर नीमो. हिमगौरी सातव्या वर्षापर्यंत थांबली तरी बिघडत नाही. गोष्ट तोवर रात्री सांगायला आहेच.