सावकाश गोठवायचं की झटक्यात?

गोठवताना पेशींना सर्वांत मोठा धोका असतो तो आत तयार होणाऱ्या बर्फाचा. तो टाळायच्या दोन पद्धती आहेत: सावकाश थंड करायचं स्लो फ्रीझिंग आणि झटक्यात काचेसारखं थिजवायचं व्हिट्रिफिकेशन. व्हिट्रिफिकेशन नवं म्हणून सरसकट तेच घ्यावं, हे मला पटत नाही. नमुना कशाचा आणि केवढा, हे आधी बघा.

स्लो फ्रीझिंगमध्ये तापमान मिनिटाला साधारण १ अंशाने उतरतं. बर्फ आधी पेशीबाहेर धरतो, आतलं पाणी हळूहळू बाहेर ओढलं जातं आणि आत गोठायला फारसं काही उरत नाही. सेल लाइनसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींसाठी, हेच पुरेसं आहे: १० टक्के डीएमएसओ (पेशींना बर्फापासून जपणारं रसायन), थंड होण्याचा वेग आवरणारा आयसोप्रोपेनॉलचा डबा, रात्रभर उणे ८० चा फ्रीझर, मग लिक्विड नायट्रोजन. एका बैठकीत ढीगभर व्हायल (छोट्या कुप्या) होतात, हात थोडा मागेपुढे झाला तरी निभावतं.

स्त्रीबीजाचं तसं नाही. सुमारे ०.१ मिलिमीटरची ही पेशी पाण्याने भरलेली असते आणि सावकाश गोठवताना ते पाणी पुरेसं निघत नाही. इथे मी बेधडक व्हिट्रिफिकेशनच सांगेन. १९८५ मध्ये राल आणि फाही या संशोधकांनी उंदराच्या भ्रूणांवर ते करून दाखवलं. बर्फ रोखणाऱ्या रसायनांच्या घट्ट द्रावणातली पेशी इतक्या झटक्यात उणे १९६ अंशांना नेतात की स्फटिक बनायच्या आतच सगळं काचेसारखं थिजतं.

पण सगळी मदार हातावर. गोठवण्याआधीचं शेवटचं द्रावण विषारी, त्यात बीज जेमतेम मिनिटभर ठेवायचं. तेवढ्यात ते गोठवायच्या बारीक पट्टीच्या टोकावर घेऊन भोवतालचा द्रव ओढून काढायचा. थेंब एक मायक्रोलिटरहूनही लहान हवा. तो मोठा राहिला की थंड व्हायला वेळ लागतो आणि बर्फ धरतो. बाहेर काढतानाही तीच घाई: थेट ३७ अंशांच्या द्रावणात. गरम करण्यात रेंगाळलात तर काचेसारख्या थिजलेल्या द्रावणातच बर्फ उमटतो. सरावलेला माणूस नसेल तर आधी सराव, मग खरे नमुने.

एका पेशीच्या मानाने ऊतीचा तुकडा जाडच, त्यात द्रावण आतपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. म्हणून अंडाशयाच्या पातळ पट्ट्यांसाठी अजूनही बहुतेक ठिकाणी स्लो फ्रीझिंगच वापरतात. २००४ मध्ये बेल्जियममध्ये अशी गोठवलेली ऊती परत बसवल्यावर बाळ जन्मलं.

पद्धत कुठलीही घ्या, दीर्घ साठवण उणे १३० अंशांच्या खालीच हवी. उणे ८० वर व्हायल वर्षानुवर्षं पडू देऊ नका.