एकच गोष्ट: नाटक करावं की सिनेमा?

गोष्ट हातात आहे, पण माध्यम ठरत नाही? मग आधी पाहा, ती संवादातून उलगडते की दृश्यांतून.

नाटकात प्रेक्षक एकाच जागेवरून अख्खा मंच पाहतो. प्रकाश आणि हालचाल त्याची नजर वळवू शकतात, पण तो हवं तिकडे पाहायला मोकळाच. सिनेमात काय, किती जवळून आणि किती वेळ पाहायचं, हे आधीच ठरलेलं असतं. त्याहून मोठा फरक संकलनाचा. निर्विकार चेहरा आणि लगेच रिकामा पाळणा, असे दोन शॉट जोडले की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर दुःख दिसू लागतं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाचं सार हेच. ही सोय दुसऱ्या कुठल्या कलेत इतकी सहज नाही.

अभिनयाचं मापही बदलतं. क्लोजअपला पापणीची हालचाल पुरते. मंचावर भावना शेवटच्या रांगेपर्यंत न्यावी लागते. म्हणून नाटकाचं सरळ चित्रीकरण बहुधा भडक वाटतं.

नट नाटकात भूमिका सलग जगतो. सिनेमाची दृश्यं क्रम सोडून चित्रित होतात, आणि मग लक्ष राहिलं नाही तर भरलेला पेला पुढच्या शॉटमध्ये अर्धा दिसतो. नाटकातली चूक पुढच्या प्रयोगात सुधारते. सिनेमात मात्र न घेतलेला शॉट संकलकही आणू शकत नाही. खर्च? सिनेमाचा बहुतेक आधीच, नाटकाचा प्रत्येक प्रयोगाला.

दोन-तीन पात्रं, एक खोली, धारदार संवाद असतील तर नाटकच करा. जागा आणि काळ सतत बदलत असतील, किंवा महत्त्वाचं ते न बोलता घडत असेल, तर सिनेमा.