विंडोज ११ च्या नावाखाली उकळलेले १२,७०० रुपये

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या तारखेच्या सुमारास आमच्या घरगुती व्यवसायाच्या संगणकावर विंडोज ११ घालून देण्याच्या निमित्ताने आमच्याकडून १२,७०० रुपये घेण्यात आले. यातल्या बहुतेक कामांना एक पैसाही लागत नव्हता, आणि काही कामे तर झालीच नव्हती. आमच्या ओळखीच्या दोन मुद्रण व्यावसायिकांनाही जवळपास याच शब्दांत हेच सांगण्यात आल्याचे नंतर कळले. म्हणून जे घडले ते आणि त्यामागची तांत्रिक बाजू, दोन्ही सविस्तर लिहीत आहे. तंत्रज्ञाचे कोणते वाक्य कुठे पडताळून पाहता येते, हे माहीत असल्याशिवाय ही फसवणूक लक्षात येणे कठीण आहे.

नागपूरच्या महाल भागात केळीबाग रस्त्याच्या आतल्या बाजूला माझे यजमान आणि मी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि निमंत्रणपत्रांच्या अक्षरजुळणीचे काम करतो. संगणक २०१९ साली जुळवून घेतलेला आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि रीतसर बिलासह विकत घेतलेले विंडोज १० होम अशी त्याची रचना होती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या किमान अटी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यादीत बसणारा प्रोसेसर (इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची), सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय आणि टीपीएम २.० (संगणकातील गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग) अशा आहेत. आमचा संगणक या सगळ्या अटींत बसणारा होता. तरीही विंडोज अपडेटच्या पानावर ‘हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही’ असा संदेश येत होता, आणि पुढचा सगळा प्रकार याच संदेशाच्या आधारे उभा राहिला.

सीताबर्डीवरच्या एका दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने संगणक पाहिला आणि म्हणाला, “ताई, चौदा तारखेनंतर हे विंडोज टेन बंदच होऊन रायलं जी. मग बँकेचं काही उघडणार नाही, जीएसटीचं पोर्टलही चालणार नाही.” हे खरे नव्हते. विंडोज १० त्या तारखेनंतरही सुरू होते, फायली उघडतात, मुद्रण होते, बँकेची संकेतस्थळेही उघडतात. थांबतात ती सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवणारी अपडेट. ती बाब गंभीर आहे आणि इंटरनेटला जोडलेला संगणक वर्षानुवर्षे तसाच वापरू नये, हेही खरे. पण ‘उद्यापासून बंद’ आणि ‘पुढच्या काही महिन्यांत व्यवस्था करा’ यांत पुष्कळ अंतर आहे, आणि माणसाला विचार करायला लागणारा वेळ नेमका त्या अंतरातच असतो. दिवाळी तोंडावर होती, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम सुरू होणार होता, आणि तो वेळ आम्हाला मिळू नये अशा बेताने तो बोलत होता.

त्याने पहिली मागणी केली ती टीपीएम चिपची. मदरबोर्डवर ही चिप नाही, ती बसवल्याशिवाय विंडोज ११ येणारच नाही आणि तिची किंमत २,८०० रुपये, असे त्याने सांगितले. टीपीएम स्वतंत्र चिपच्या रूपात असू शकतो, एवढे त्याच्या बोलण्यात खरे होते. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या संगणकांत तीच सोय प्रोसेसर आणि चिपसेटच्या अंतर्गत फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्या भागांतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तिला पीटीटी म्हणतात. एएमडीच्या संगणकांत तिचे नाव एफटीपीएम असे आहे. जुळवून घेतलेल्या अनेक संगणकांत ती कारखान्यातून बंद स्थितीत येते, त्यामुळे विंडोजला ती दिसत नाही आणि संगणक अपात्र असल्याचा संदेश येतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन एक पर्याय सुरू केला की काम होते. त्याला सुटा भाग लागत नाही.

दिवाळीला माझा भाचा घरी आला होता. तो संगणक अभियांत्रिकी शिकतो. “मावशी, चिप कुठे बसवली ते बघू या,” म्हणत त्याने कॅबिनेटचे झाकण काढले. मदरबोर्डवर टीपीएमची चिप बसवण्यासाठी पिनांची एक छोटी जागा होती आणि ती रिकामी होती. मग त्याने विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत टीपीएम.एमएससी असे इंग्रजी अक्षरांत लिहिले. जे पान उघडले त्यावर टीपीएमची आवृत्ती २.० होती आणि निर्मात्याच्या जागी आयएनटीसी ही चार अक्षरे होती. ती इंटेलची खूण आहे. म्हणजे चालू झालेली सोय आमच्याच संगणकात पहिल्यापासून असलेली होती, आणि २,८०० रुपये कधीही न बसवलेल्या वस्तूचे घेतले गेले होते. चिप बसवल्याचे ज्यांना सांगितले गेले असेल, त्यांनी हे पान जरूर उघडून पाहावे. ते पाहायला काही मोडावे-जोडावे लागत नाही.

दुसरी मागणी फॉरमॅटिंगची होती. जुन्या पद्धतीने विभागलेल्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ येत नाही, सगळे पुसून नव्यानेच घालावे लागते, असे सांगून संगणक दुकानात नेण्यात आला आणि त्याचे १,२०० रुपये लावण्यात आले. आमची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली होती आणि सिक्युअर बूटसाठी ती जीपीटी या नव्या पद्धतीची असावी लागते, हे बरोबर आहे. पण हा बदल डेटा न पुसता करणारे एमबीआरटूजीपीटी नावाचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विंडोज १० मध्येच दिलेले आहे. त्यानंतर विंडोज अपडेटमधून ११ घेतले असते, तर फायली, सॉफ्टवेअर, प्रिंटरची जोडणी सगळे जागच्या जागी राहिले असते, आणि न आवडल्यास पहिल्या १० दिवसांत विंडोज १० वर परत जाण्याचा पर्यायही सेटिंग्जमध्ये मिळाला असता. प्रतापनगरला राहणाऱ्या माझ्या नणंदेने घरच्या घरी याच मार्गाने एका संध्याकाळी विंडोज ११ घेतले. तिला जाणवलेले बदल म्हणजे पडद्याच्या मधोमध आलेले स्टार्टचे बटण आणि उजव्या क्लिकनंतर जुने पर्याय पाहण्यासाठी आणखी एकदा करावी लागणारी क्लिक. तिचे एकही सॉफ्टवेअर पुन्हा घालावे लागले नाही. आमच्याकडे मात्र मराठी टंकांचे जुने, परवानाधारक सॉफ्टवेअर पुसले गेले. ते पुन्हा घालून सुरू करून घेण्यात पत्रिकांच्या हंगामाचे पहिले दिवस गेले. तो खर्च मी वरच्या रकमेत धरलेला नाही.

यापुढचा भाग लिहिताना आजही संताप येतो. संगणकासोबत बॅकअप ठेवण्यासाठी म्हणून आमचीच पोर्टेबल हार्ड डिस्क तंत्रज्ञाने मागून नेली होती. नंतर त्याचा फोन आला की बॅकअप खराब निघाला आणि मूळ डेटा फॉरमॅटमध्ये गेला. सहा-सात वर्षांच्या पत्रिकांच्या रचना, ग्राहकांनी दिलेली छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या, सगळे त्यात होते. माझे यजमान त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून निरोप आला की विशेष सॉफ्टवेअर वापरून ‘डेटा रिकव्हरी’ करता येईल, ५,५०० रुपये आगाऊ द्यावे लागतील, आणि उशीर झाला तर शक्यता कमी होत जाईल. आम्ही यूपीआयने पैसे पाठवले. संध्याकाळपर्यंत सगळा डेटा परत मिळाला आणि त्या वेळी आम्ही त्याचे आभारही मानले.

पुसलेल्या डिस्कवरून डेटा शोधून काढला जातो तेव्हा पुष्कळदा फायलींची नावे हरवतात, फोल्डरांची रचना विस्कटते आणि काही फायली उघडतच नाहीत. आमच्याकडे प्रत्येक फोल्डर आपल्या नावानिशी जागेवर होते, हेच भाच्याला खटकले. त्याने पोर्टेबल डिस्कवरील फोल्डरांचे गुणधर्म उघडून त्यांच्या निर्मितीची तारीख आणि वेळ पाहिली. एखादी फाइल दुसऱ्या डिस्कवर नकलली जाते, तेव्हा तिच्यातील शेवटच्या बदलाची तारीख जुनीच राहते, पण निर्मितीची वेळ मात्र नक्कल केल्याच्या क्षणाची लागते. आमच्या सगळ्या फोल्डरांवर संगणक दुकानात गेला त्याच संध्याकाळची वेळ होती. डेटा गेल्याचा फोन त्यानंतर आला होता. म्हणजे बॅकअप व्यवस्थित झालेला होता, तो आमच्याच डिस्कवर होता, आणि तो गेला असे सांगून आमच्याच वस्तूची किंमत आमच्याकडून वसूल करण्यात आली. चिपचे खोटे बोलणे ही एक गोष्ट झाली. पण एखाद्या घराची वर्षानुवर्षांची मेहनत ताब्यात ठेवून, ती नष्ट झाल्याचे सांगून त्या घाबरलेपणावर पैसे मिळवणे, हा माझ्या मते सगळ्यांत क्रूर भाग आहे.

उरलेले ३,२०० रुपये ‘ओरिजिनल विंडोज ११ प्रो’च्या परवान्याचे म्हणून लावले होते. मुळात खऱ्या, सक्रिय विंडोज १० वरून ११ वर जाण्यासाठी नवा परवाना लागतच नाही. होमवरून होमवर आणि प्रोवरून प्रोवर हे अपग्रेड मोफत आहे. आम्हाला जे मिळाले ते तर परवाना या नावालाही पात्र नव्हते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अॅक्टिव्हेशन हे पान उघडल्यावर तिथे ‘तुमच्या संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सेवेद्वारे विंडोज सक्रिय केले आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसले. ही पद्धत मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी असते. त्यांच्या संगणकांचे सक्रियण त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होते, ते १८० दिवस टिकते आणि त्याआधी त्याचे नूतनीकरण होत राहावे लागते. केळीबाग रस्त्यावरच्या दोन माणसांच्या व्यवसायाला अशी कोणतीही संस्था नाही. आमच्या संगणकात त्या सर्व्हरची बतावणी करणारे चोरटे साधन घातलेले होते, आणि विंडोजच्या सुरक्षा व्यवस्थेने त्याला पकडू नये म्हणून ते ज्या फोल्डरमध्ये होते ते तपासणीतून वगळून ठेवले होते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ या नावाने ती यादी दिसते. घरगुती संगणकावर आपण स्वतः काही घातले नसेल तर ती रिकामी असायला हवी. जिथे तपासणीच होत नाही अशी जागा ज्या संगणकात आहे, त्यावरून आम्ही बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे भरत होतो.

ही यादी दिसताच आधी संगणकाचे इंटरनेट तोडले आणि दुसऱ्या उपकरणावरून ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलले. मग भाच्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज ११ उतरवले आणि होम आवृत्ती नव्याने घातली. प्रॉडक्ट की विचारली गेली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडला. इंटरनेट जोडताच विंडोज आपोआप सक्रिय झाले. आमच्या विंडोज १० चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टकडे त्या मदरबोर्डच्या नावे नोंदलेलाच होता. बनावट परवाना घातल्याने तो नाहीसा होत नाही, हे अशा फसवणुकीत सापडलेल्यांनी लक्षात ठेवावे. मदरबोर्ड तोच असेल तर आपली मूळ आवृत्ती परत मिळते.

दुकानात गेल्यावर आम्हाला बिल दाखवा असे सांगण्यात आले. बिल मागूनही त्यांनी दिलेले नव्हते, फक्त आकडे लिहिलेली एक चिठ्ठी होती. पण यूपीआयच्या व्यवहारांची नोंद, ती चिठ्ठी, डेटा गेल्याचे आणि रिकव्हरीचे व्हॉट्सअॅप संदेश, टीपीएमच्या पानाचे आणि फोल्डरांच्या वेळेचे स्क्रीनशॉट आमच्याकडे होते. भाच्याने नवे विंडोज घालण्याआधीच हे सगळे जपून ठेवले, आणि तेच आज आमच्या उपयोगी पडत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे समेट झाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. तिथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील देणेही सक्तीचे नाही. डेटा गेल्याचे खोटे सांगून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीचा प्रकार आहे, असे आम्हाला सांगण्यात आले असून पोलिसांकडेही लेखी अर्ज दिला आहे. अशा कामानंतर बँक खात्यातून ऑनलाइन पैसे गेलेले कोणाला आढळले, तर त्यासाठीचा सायबर हेल्पलाइन क्रमांक १९३० आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

ज्यांचा संगणक खरोखरच जुना आहे, म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्यांनाही घाईने नवा संगणक किंवा कसली चिप घेण्याची गरज नाही. संगणक पात्र आहे की नाही हे मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन सांगते, आणि कोणती अट अडते आहे तेही दाखवते. अडचण टीपीएमची असेल तर आधी बायोस तपासून घ्यावा. प्रोसेसरचीच असेल तर विंडोज १० च्या विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी विंडोज अपडेटच्या पानावरूनच नावनोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर ती मोफत आहे. अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात आणि तोपर्यंत केव्हाही नाव नोंदवता येते. ज्या दुकानात आम्ही गेलो तिथे या सोयीचा उल्लेख कोणीही केला नव्हता.